बेहरिंगर एक्सआर१८: कॉलेज सुटलेल्या बँडसाठी मिक्सर

गॅदरिंगच्या स्टेजवर बँडचा म्हणून जो आवाज ऐकू येतो, तो बहुतेक वेळा साउंडवाल्याचा असतो. त्याचे माइक, त्याचा मिक्सर, त्याचे दोन मॉनिटर (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेले स्पीकर), आणि गाणाऱ्याच्या गळ्यावर त्याला आवडेल तेवढा एको. मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवात तर मोजून मिळालेल्या मिनिटांत स्टेजवर चढायचं, वायरी जोडायच्या, वाजवायचं आणि उतरायचं. तिथे गिटारला डिस्टॉर्शन लावून सगळ्यांनी जोरात वाजवणं हेच शहाणपणाचं, कारण हळू वाजवलेलं खाली पोचतच नाही. कॉलेज सुटल्यावरही बरेच बँड त्याच सवयीने वाजवत राहतात. गाणी स्वतःची होतात, शब्द मालवणी किंवा संगमेश्वरी होतात, पण वाजवणं गॅदरिंगचंच राहतं. कारण साधं आहे. बँडने स्वतःला कधी नीट ऐकलेलंच नसतं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बँडने पहिल्या दोन-तीन सुपाऱ्यांचे पैसे साठवून काय घ्यावं, तर नवी गिटार नाही, स्पीकर नाहीत, बेहरिंगरचा एक्सआर१८ हा मिक्सर घ्यावा असं आमचं मत आहे. स्पीकर तालुक्याच्या गावी भाड्याने मिळतात. स्वतःचा आवाज भाड्याने मिळत नाही.

आधी वस्तू काय आहे ते बघू. एक्सआर१८ हा रॅकमध्ये बसणारा छोटा डिजिटल मिक्सर. त्याला फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) नाहीत, पडदा नाही. सगळं काम टॅबलेट, फोन किंवा लॅपटॉपवरून. १६ इनपुट कॉम्बो सॉकेटचे आहेत, म्हणजे एकाच भोकात एक्सएलआरही बसते आणि मोठी जॅकही. प्रत्येकाला मिडासने डिझाइन केलेला प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) आणि चॅनलगणिक चालू-बंद होणारा ४८ व्होल्टचा फँटम (माइकला केबलमधूनच दिलेली वीज). १७-१८ ही स्टीरिओ लाइनची जोडी, कीबोर्डसाठी किंवा ब्रेकमध्ये गाणी लावायला. मेनच्या, म्हणजे प्रेक्षकांच्या स्पीकरला जाणाऱ्या, दोन आउटपुटशिवाय सहा ऑक्स (वादकांच्या मॉनिटरसाठीचे वेगळे आउटपुट). प्रत्येक चॅनलला लो-कट (अगदी खालचा आवाज काढणारा), गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारा), चार पट्ट्यांचा इक्यू (जाड-बारीक आवाज वेगवेगळा कमीजास्त करणारा) आणि कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबणारा). रिव्हर्ब-डिलेसाठी चार इफेक्ट. आणि एक यूएसबी सॉकेट, ज्यातून १८ ट्रॅक लॅपटॉपकडे जातात आणि १८ परत येतात. या मिक्सरची खरी किंमत त्या सॉकेटात आहे.

दुकानदार एक्सआर१६ किंवा एक्सआर१२ दाखवेल, पैसे वाचतात म्हणून. एक्सआर१६ ला माइक प्रीॲम्प ८ आणि ऑक्स ४. एक्सआर१२ ला ४ आणि २. त्याहून मोठी अडचण म्हणजे हे दोन्ही पेन ड्राइव्हवर फक्त स्टीरिओ रेकॉर्डिंग करतात, लॅपटॉपवर वेगवेगळे ट्रॅक देत नाहीत. भजनी मंडळाला किंवा हॉटेलात दोघांनी गिटारवर गायला ते पुरेसे आहेत. बँडने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता रेकॉर्डिंग. विंडोजच्या लॅपटॉपवर बेहरिंगरचा असिओ ड्रायव्हर (लॅपटॉपला मिक्सरशी बोलता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर) आधी टाकावा लागतो, मॅकला लागत नाही. रीपरसारखं कुठलंही रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालतं. १८ ट्रॅक उघडायचे, ट्रॅक १ ला इनपुट १, ट्रॅक २ ला इनपुट २ असं ओळीने लावायचं, नावं द्यायची आणि ते टेम्प्लेट म्हणून जपून ठेवायचं. दर तालमीला नव्याने करत बसलात तर तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडून द्याल. मिक्सर ४८ किलोहर्ट्झवर असेल तर सॉफ्टवेअरही ४८ वरच हवं. जागेचा हिशोब असा: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एक ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी खातो. १८ ट्रॅकचे १५५ एमबी, म्हणजे तासाला सव्वानऊ जीबीपेक्षा थोडं जास्त. दोन तासांच्या तालमीला २० जीबी रिकामी ठेवा.

गेन (सिग्नल आत घेतानाच किती वाढवायचा ते) लावताना प्रत्येकाने त्याच्या सगळ्यात जोराच्या ओळी वाजवायच्या, आणि मीटरची उडी -१८ ते -१२ डेसिबलच्या दरम्यान ठेवायची. लाल दिव्याच्या जवळ नेण्याची जुनी सवय इथे नुकसान करते. डिजिटलमध्ये आवाज एकदा फाटला की परत शिवता येत नाही. एकदा लावलेला गेन मग हलवायचा नाही, कारण त्याच गेनवर मॉनिटरही चालतात आणि रेकॉर्डिंगही. गाणाऱ्याचा आवाज कमी वाटला म्हणून कुणी भर कार्यक्रमात गेन वाढवला, की सहाही जणांच्या कानात तो एकदम चढतो.

रेकॉर्डिंग बंद पडण्याची कारणं ठरलेली आहेत. लॅपटॉप झोपी जातो. पॉवर सेटिंगमध्ये झोप कायमची बंद करा. मधे यूएसबी हब लावलेला असतो. तो काढा, केबल थेट लॅपटॉपला द्या आणि ३ मीटरपेक्षा लांब घेऊ नका. या केबलला एक्सएलआरसारखा खटका नाही, पाय अडकला की सुटते. म्हणून तिचा एक वेढा रॅकच्या दांडीला चिकटपट्टीने बांधावा.

आणि मग ऐकायचं. घरी जाऊन, शांतपणे, हेडफोन लावून. आधी सगळं मिळून एकदा, मग एकेक ट्रॅक एकटा. पहिल्याच रेकॉर्डिंगात जवळजवळ प्रत्येक बँडला एकच गोष्ट सापडते: गिटार, कीबोर्ड आणि पेटी तिघंही मधल्या सप्तकात, एकमेकांच्या मांडीवर बसलेले असतात. हॉलमध्ये ते भरदार वाटत होतं. रेकॉर्डिंगमध्ये तो गोळा असतो आणि शब्द त्यात बुडालेले असतात. इथे इक्यूच्या नादाला लागू नये. २५० हर्ट्झला गिटार कापली, ८०० ला पेटी कापली, तरी तिघं एकाच जागी एकच काम करत असतील तर गोळा तसाच राहतो. खरा इलाज वाजवण्यात आहे. गिटारने कॅपो लावून वरच्या तीन तारांवर जायचं, पेटीने मुखड्यात गप्प राहून अंतऱ्यात फक्त सूर धरायचा, कीबोर्डच्या डाव्या हाताने बेसची जागा मोकळी सोडायची. दुसऱ्या दिवशी तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड करून शेजारी ठेवा. फरक कानाला लगेच कळतो. बँडचा आवाज बदलतो तो असा, एका गाण्यातला एकेक वादक थोडा थोडा सरकत.

एक सोपी परीक्षा आहे. प्रत्येक गाण्यातून एकेक ट्रॅक बंद करून ऐका. एखादं वाद्य बंद करूनही गाण्याचं काहीच गेलं नसेल, तर तो भाग नव्याने बसवायला हवा. गिटारिस्टला हे सांगणं अवघड असतं, म्हणून त्यालाच ऐकू द्यावं.

जगभर कॉलेजातून निघालेल्या बँडची वाट थोडीफार अशीच राहिली आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २००६ मध्ये जमलेल्या व्हॅम्पायर वीकेंडने पदवीनंतर पहिला अल्बम स्वतःच रेकॉर्ड केला, त्यांच्यातलाच रोस्तम बातमांगलिज निर्माता होता, आणि २००८ मध्ये तो आला. १९९१ मध्ये दिल्ली विद्यापीठात सुरू झालेल्या परिक्रमाने रॉकच्या जोडीला तबला, मृदंग घेतले. साधनं निराळी, गावं निराळी, पण स्वतःचं वाजवणं स्वतः तपासण्याचं काम त्यांनाही चुकलं नाही.

कोकणातल्या बँडला कॉलेजनंतर पडणारा दुसरा प्रश्न माणसांचा. बेसवाला ठाण्याला नोकरीला, ड्रमर गोव्यात, उरलेले तिघं चिपळूण-रत्नागिरीत. सगळे एकत्र येणार गणपतीत, शिमग्याला आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, कोकणकन्या किंवा तुतारीने उतरून. इथे हेच यूएसबी सॉकेट उलट्या बाजूने कामाला येतं. मागच्या तालमीतला बेसचा ट्रॅक लॅपटॉपवर चालू करायचा, मिक्सरच्या त्या चॅनलचा इनपुट ॲनालॉगवरून यूएसबीवर फिरवायचा, आणि बेस त्याच चॅनलमधून, त्याच इक्यूसकट येतो. हजर असलेले तिघं त्याच्याबरोबर बसतात. फक्त मूळ तालमीत क्लिकवर (लय धरणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वाजवलेलं असलं पाहिजे. क्लिक नसेल तर लय कुठे पळाली, कुठे रेंगाळली याचा अंदाज येत नाही आणि सगळे चाचपडत राहतात. क्लिक १८ व्या ट्रॅकवर पाठवून फक्त कानात द्यावी, मेनला कधीच नाही. ठाण्याला बसलेल्या बेसवाल्याला बाकीच्यांचे ट्रॅक पाठवले की तो घरी त्यावर नवा बेस बसवतो आणि परत पाठवतो. अठराच्या अठरा पाठवू नका. सगळ्यांचा मिळून एक स्टीरिओ, शिवाय ड्रम वेगळा आणि क्लिक वेगळी, एवढं पुरतं.

कार्यक्रमाच्या जागी हीच युक्ती साउंडचेकला वापरता येते. मागच्या कार्यक्रमाचे ट्रॅक मिक्सरमधून वाजवायचे, स्टेजवर कुणी नसताना मंडपाच्या मागच्या खुर्चीत बसून इक्यू लावायचा. वादक चहा घेऊन येईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. माइकचा फीडबॅक (स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून होणारी शिट्टी) मात्र असा कळत नाही, त्यासाठी गाणारा स्टेजवर लागतोच.

वाद्यांकडे येऊ. कॉलेजात ड्रमसेट, दोन गिटार, बेस, कीबोर्ड एवढा संसार असतो. बाहेर पडल्यावर आपल्याकडच्या बँडमध्ये हळूहळू ढोलकी येते, पेटी येते, कुणी जाखडी नाचातला मृदंगवाला मित्र सापडतो, झांज येते. या वाद्यांचा आवाज माइकने पकडणं साउंडवाल्यांना येतं, पण ते लग्नाच्या नाहीतर भजनाच्या हिशोबाने. बँडमध्ये ड्रमच्या शेजारी ढोलकी वाजणार असेल तर वेगळं करावं लागतं.

ढोलकीला दोन माइक लावा, दोन्ही पुड्यांपासून चार-पाच बोटांवर, थोडे तिरके, वादकाचा हात आपटणार नाही असे. आणि एका चॅनलची पोलॅरिटी उलटी करा; ॲपमध्ये गोल आणि त्यावर तिरकी रेघ असं बटण असतं. उजव्या पुडीवर थाप पडली की ती पुडी आत जाते आणि आतली हवा डावी पुडी बाहेर ढकलते. म्हणजे एका माइकला पुडी दूर जाताना दिसते, दुसऱ्याला जवळ येताना. दोन्ही तसेच मिसळले तर खालचा घुमारा एकमेकांना खाऊन टाकतो आणि ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. बटण दाबून-सोडून दोन्ही ऐका. ज्यात पोट भरतं ते ठेवा. मृदंगालाही हेच. उजव्या बाजूला १०० हर्ट्झचा लो-कट चालतो, डाव्या बाजूला तो ४० च्या वर नेऊ नका.

पेटीचा माइक समोरून, भात्याच्या बाजूने लावला तर भात्याचा फुसफुस आणि बोटांची खडखड जास्त येते. वरून, झाकण उघडं ठेवून, वीतभर अंतरावरून घ्यावा. दशावतारातली पायपेटी असेल तर आणखी थोडं लांब, कारण पायाचा धक्का स्टँडला पोचतो. त्या माइकचा स्टँड पेटीच्या फळीला टेकू देऊ नका. पेटीला कॉम्प्रेसर लावू नये, भाता आधीच ते काम करतो. फीडबॅक आला तर तो बहुधा २ ते ३ किलोहर्ट्झच्या मधे सापडतो. ३ डेसिबल कापले तरी शांत होतो.

झांजेला वेगळा माइक नको. ती प्रत्येक माइकमध्ये येतेच; उलट झांजवाल्याला गाणाऱ्यापासून दोन पावलं मागे आणि बाजूला उभं करा. ताशा तर स्टेजच्या कडेला. शिमग्याचा ताशा बंद हॉलमध्ये चार फुटांवर वाजला की गाणाऱ्याच्या माइकमध्ये गाणं कमी आणि ताशाच जास्त असतो, आणि कुठलंही गेट त्याला वेगळं काढू शकत नाही.

गळ्यासाठी सुरुवात अशी करा: लो-कट १०० ते १२०, कॉम्प्रेसर ३ ला १, अटॅक १५ मिलिसेकंद, आणि जोरात गाताना आवाज ४ ते ६ डेसिबल दाबला जाईल एवढा थ्रेशोल्ड (ज्या पातळीपुढे कॉम्प्रेसर दाबू लागतो ती). मराठीत च, ज, स भरपूर. ते ५ ते ८ किलोहर्ट्झला टोचतात. तिथे अरुंद पट्टीने २-३ डेसिबल काढा, जास्त काढले तर गाणारा बोबडा वाटतो. रिव्हर्ब कानाला जेवढा बरा वाटतो त्याच्या निम्मा ठेवावा. पत्र्याच्या मंडपात जागेचा स्वतःचा घुमारा आधीच असतो.

मॉनिटर हा या मिक्सरचा दुसरा मोठा गुण. सहा ऑक्स म्हणजे सहा जणांना आपापला वेगळा मिक्स, किंवा जोड्या लावून तिघांना स्टीरिओ. आउटपुट लाइन पातळीचे आहेत, हेडफोन थेट लागत नाहीत. मधे हेडफोन ॲम्प हवा, चार चॅनलचे दोन घेतले की झालं. वायरलेस इन-इअर पहिल्या वर्षी घेऊ नका. ड्रमर, कीबोर्डवाला आणि पेटीवाला बसलेलेच असतात, त्यांना वायर पुरते. ऑक्सची सगळी सेंड प्री-फेडर, म्हणजे चॅनलच्या फेडरच्या आधीच निघणारी, करायला विसरू नका, नाहीतर पुढे बसलेला माणूस मेनमध्ये गिटार कमी करेल आणि गिटारिस्टच्या कानातूनही ती जाईल.

कानात इअरफोन गेले की स्टेजवरचा आवाज खाली येतो, आणि तेव्हाच ॲकूस्टिक गिटार, पेटी, हळू गायलेली ओळ या गोष्टी बँडला परवडू लागतात. डिस्टॉर्शन कमी करा असं कुणी सांगावं लागत नाही. ज्याला स्वतःचं नीट ऐकू येतं तो आपणहून कमी करतो. वाडीतल्या तालमीचाही प्रश्न यात सुटतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. ड्रमऐवजी इलेक्ट्रॉनिक पॅड, गिटार थेट मिक्सरला, सगळ्यांच्या कानात हेडफोन. शेजारच्या घरात फक्त गाणाऱ्याचा आवाज जातो.

प्रत्येकाने आपापल्या फोनवरून आपला मॉनिटर सांभाळावा, ही सोय उत्तम आणि धोक्याचीही. ॲप उघडलं की मेनचा फेडरही तिथेच असतो. मिक्सिंग स्टेशन नावाच्या ॲपमध्ये एकट्या माणसाचा मॉनिटर मिक्स वेगळा लावून देता येतो. तो लावूनच फोन हातात द्या.

आता दोष. पहिला आणि सगळ्यांना माहीत असलेला: आतल्या वाय-फायवर कार्यक्रम करू नये. तो २.४ गिगाहर्ट्झचा आहे, त्यावर चारच यंत्रं जोडता येतात, आणि प्रेक्षकांत शे-दोनशे फोन आले की त्याच पट्ट्यात गर्दी होते. दुपारी रिकाम्या मैदानात सगळं सुरळीत चालतं, रात्री लोक बसले की टॅबलेट सुटतो. आवाज चालूच राहतो, मिक्सर बंद पडत नाही, पण हातात ताबा नसतो आणि नेमकी तेव्हाच कुठेतरी शिट्टी सुरू होते. उपाय स्वस्त आहे: ५ गिगाहर्ट्झचा साधा घरगुती राउटर. मिक्सरच्या पुढच्या खटक्यावर ईथरनेट निवडा, लॅनची छोटी वायर राउटरला द्या, राउटरचं २.४ बंद करून ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मधला चॅनल कायमचा लावा. राउटर जमिनीवर ठेवू नका, माइकच्या स्टँडला डोक्याच्या वर बांधा. माणसांची शरीरं हे सिग्नल शोषतात. या वाय-फायवर इंटरनेट नाही असं बघून अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, म्हणून फ्लाइट मोड लावून मग वाय-फाय चालू करायचा. आणि राउटरच्या दुसऱ्या पोर्टला लॅपटॉप वायरने जोडलेला ठेवा, त्यात एक्स एअर एडिट हे मिक्सर चालवायचं सॉफ्टवेअर उघडं. टॅबलेट मेला तरी कार्यक्रम चालतो.

गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला किनाऱ्यावर दुपारी साउंडचेक करणाऱ्यांनी टॅबलेटवर सावली धरावी. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला आहे. उन्हात तो तापल्याची सूचना देऊन बंद होतो आणि थंड होईपर्यंत उठत नाही.

दुसरा दोष: वीज एका क्षणासाठी गेली तरी मिक्सर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. जुना ॲनालॉग मिक्सर लाइट आली की लगेच बोलायचा, हा बोलत नाही, आणि राउटरला तर आणखी वेळ लागतो. आपल्याकडे जनरेटरवर पालटताना ती फट ठरलेली. ६०० व्हीएचा साधा यूपीएस मिक्सर आणि राउटरला लावा. दोघं मिळून अगदी थोडी वीज खातात, त्यामुळे तो बराच टिकतो. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर त्यावर लावू नका. मिक्सर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, पण मंडपाच्या जोडणीत न्यूट्रल सुटला तर व्होल्टेज त्याच्या पलीकडे जातं. बोर्डाला काही लावण्याआधी मल्टिमीटरने मोजायचं, ही सवय लावून घ्या.

अर्थिंगचं तर वेगळं सांगायलाच हवं. जांभ्याची जमीन मार्च-एप्रिलमध्ये कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. गिटार अशा बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डावर असेल, तर गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यामध्ये मल्टिमीटर शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवतो, कारण प्रत्येक ॲडॉप्टर थोडा थोडा करंट अर्थच्या तारेत सोडत असतो आणि त्याला जायला वाट नसते. गाणाऱ्या गिटारिस्टच्या ओठाला चटका बसतो तो हाच. आणि एखादं उपकरण आतून बिघडलेलं असेल तर चटक्यावर थांबत नाही. स्टेजवरचं सगळं एकाच बोर्डावरून घ्या, त्याच्या आधी ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) लावा, खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतायला सांगा आणि पुन्हा मोजा. घूं असा हम येतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे लोक भेटतात. त्यांना ते करू देऊ नका. हमवर डीआय बॉक्सचं (गिटार-कीबोर्डचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीचं) ग्राउंड लिफ्टचं बटण आहे, ते सिग्नलची वाट तोडतं, जिवाचं संरक्षण तोडत नाही.

खारी हवा आणि पावसाळा यांच्यासमोर मिक्सरपेक्षा केबली आधी हरतात. कार्यक्रम झाल्यावर प्रत्येक केबल कोरड्या फडक्याने पुसून गुंडाळा. सॉकेट हिरवट दिसू लागले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, रॉकेल नव्हे. केस रबरी कडेची, झाकण घट्ट बसणारी घ्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. महिन्यातून एकदा त्या तव्यावर मंद गरम केल्या की पुन्हा चालतात. मिक्सर मात्र केसमध्ये ठेवून कधीच चालवू नका, त्याला मोकळी हवा हवी. जून ते सप्टेंबर कार्यक्रम नसले तरी आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल धरू देत नाही. जानेवारीत रात्री उघड्यावर दव पडतं. मिक्सरवर तिरकं कापड बांधा, त्याच्या अंगावर टाकू नका.

फँटमची एक गोष्ट. ४८ व्होल्ट फक्त कंडेन्सर माइकला आणि ॲक्टिव्ह डीआयला. चॅनल म्यूट केल्याशिवाय चालू-बंद करायचा नाही, स्पीकरला धाडकन हिसका बसतो. ॲपमध्ये सगळे चॅनल शेजारी शेजारी असल्याने चुकीच्या चॅनलवर बोट पडतं; म्हणून कंडेन्सरवाले सगळे एकत्र, १३ ते १६ वर ठेवावेत.

आतमध्ये ६४ स्नॅपशॉट (मिक्सरच्या सगळ्या सेटिंगच्या प्रती) जपता येतात. प्रत्येक जागेचा वेगळा करा, आणि लॅपटॉपवरही एक प्रत ठेवा. फर्मवेअर (मिक्सरच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलायचं असेल तर मे महिन्यात, निवांत, वायरने. कार्यक्रमाच्या आठवड्यात त्याला हात लावू नये.

खर्चाचा अंदाज बांधताना मिक्सरच्या किमतीवर आणखी निम्मी रक्कम धरा: राउटर, यूपीएस, केस, दोन हेडफोन ॲम्प, दोन डीआय बॉक्स आणि चांगल्या केबली. ही रक्कम नसेल तर मिक्सर सहा महिने उशिरा घ्या. नुसता डबा आणून आतल्या वाय-फायवर पहिला कार्यक्रम केलात तर बँड तो मिक्सर बदनाम करून कोपऱ्यात टाकेल.

जुना घ्यायचा असेल तर घाई करू नका. मुंबईहून पार्सल मागवण्यापेक्षा जाऊन बघावा. एकच माइक आणि एकच केबल घेऊन सोळाही इनपुटमधून ‘एक, दोन, तीन’ बोला. गेन वाढवताना खरखर येणारा चॅनल सापडला तर त्या सॉकेटमध्ये ओल गेलेली असू शकते. सहाही ऑक्स हेडफोन ॲम्पवर ऐका. फँटम प्रत्येक चॅनलला लावून मल्टिमीटरने मोजा, पिन १ आणि पिन २ मध्ये ४८ च्या आसपास आलं पाहिजे, मग १ आणि ३ मध्येही. यूएसबीची केबल लावून अर्धा तास सलग १८ ट्रॅक रेकॉर्ड करा आणि तिथेच बसून ऐका. मधे टिकटिक आली तर आधी केबल बदला, मग लॅपटॉप, आणि तरीही आली तर मिक्सर तिथेच ठेवून परत या.